बाईंचा आभाळातला इमू

मी बाईंच्या घरी भाड्याने राहायला गेले त्याच आठवड्यात कौन्सिलने आमच्या रस्त्यावरचे दिवे बदलले. जुने पिवळे, पेंगुळलेले दिवे गेले आणि पांढरे, डोळ्यांत घुसणारे आले. शेजारीपाजारी खूश होते. बाईंनी कौन्सिलला फोन लावला. मी स्वयंपाकघरात चहा टाकत होते, तिथवर त्यांचा आवाज येत होता.

"दारासमोरच्या दिव्याबद्दल तक्रार आहे," त्या इंग्रजीत सांगत होत्या.

दिवा लागत नाही का, असं पलीकडच्या माणसाने विचारलं असावं.

"लागतो. तीच तक्रार आहे."

पुढे वर्षभर हे चालू होतं. कौन्सिलमधली माणसं बदलली, बाईंची तक्रार तीच राहिली. दिवा काही हलला नाही. शेवटी बाईंनी लग्नानंतरच्या पहिल्या संक्रांतीची काळी चंद्रकळा उसवून दुहेरी शिवली आणि जिन्यातल्या खिडकीला पडदा म्हणून लावली. ज्या साडीवर अंगभर चांदण्या, तिनेच रस्त्याचा उजेड अडवला, याचं त्यांना फार समाधान होतं.

हे घर एडिनबरामध्ये, ब्लॅकफर्ड हिलच्या उतारावर. मी तेव्हा नाशिकहून नुकतीच आले होते, हॉस्पिटलच्या फार्मसीत नोकरी लागली होती आणि कुणाच्या तरी ओळखीने या मराठी जोडप्याकडे वरची खोली मिळाली होती. दोघंही निवृत्त डॉक्टर. ते हाडांचे सर्जन, या भूलतज्ज्ञ. पहिल्या दिवशी मी "काकू" म्हटलं तर म्हणाल्या, "काकू नको. तुझा काका कोण, मला माहीत नाही. बाई म्हण." त्यांच्या यजमानांना त्या स्वतःच "डॉक्टर" म्हणायच्या, म्हणून मीही तेच म्हणायला लागले.

बाई उंच, हडकुळ्या, केस मानेवर आखूड कापलेले. घरातही ऑपरेशन थिएटरमधली हिरवी टोपी घालून वावरायच्या. चहा पूर्ण थंड झाल्याशिवाय पीत नसत. नाश्त्याला ओट्सची थालीपीठं लावायच्या आणि ती खाताना स्कॉटलंडला भाजणी कळली असती तर इतिहास वेगळा झाला असता, असं गंभीरपणे सांगायच्या. फोन उचलला की "हॅलो" नाही, "बोला, ऐकतेय." भूल देताना पेशंटला आकडे मोजायला लावायचे नाहीत, ही त्यांची पद्धत. त्या पेशंटला म्हणायच्या, इथून तुमच्या घरी कसं जायचं ते सांगा. "बहुतेक जण पहिल्या वळणावरच झोपायचे," त्या म्हणाल्या होत्या. आणि वर, "जन्मभर लोकांना भूल दिली बघ. मला मात्र कशाची पडली नाही."

घराच्या मागच्या बाजूला काचेची खोली होती. तिथे बाई चित्रं काढायच्या. बरेच दिवस मला तिथे प्रवेश नव्हता. मग एका रविवारी दुपारी त्यांनी स्वतःच हाक मारली.

मी गेले तर चारही बाजूंना मोठाले कॅनव्हास, सगळे काळे. त्यांवर पांढऱ्या ठिपक्यांचे दाट पट्टे. एक पाहिला की सगळे पाहिल्यासारखं वाटत होतं.

"काय दिसतं?" बाईंनी विचारलं.

"तारे."

"तारे सगळेच बघतात. ताऱ्यांच्या मधे बघ."

मी बघत राहिले. बाईंनी घाई केली नाही, मदतही केली नाही. बऱ्याच वेळाने ठिपक्यांच्या मधल्या काळ्या जागेत मला एक लांब मान दिसली. मग तिच्या टोकाला लहानसं डोकं, खाली फुगीर पोट आणि मागे पसरलेले पाय. एकदा दिसल्यावर तो पक्षी पुन्हा नाहीसा होईना.

"इमू," बाई म्हणाल्या. "आपण तारे जोडून चित्र करतो. मृग, व्याध, सप्तर्षी. ऑस्ट्रेलियातले मूळचे लोक आकाशगंगेतल्या काळोखाचं चित्र करतात. तो कधी धावतो, कधी अंड्यांवर बसतो. कसा दिसतो त्यावरून त्यांना कळतं की खाली जमिनीवरच्या इमूंनी अंडी घातली असतील."

"इथून दिसतो?"

"नाही. त्याचं डोकं दक्षिणेकडच्या त्रिशंकू तारकांपाशी आहे. ते इथे कायम क्षितिजाखाली. म्हणून तर काढावा लागतो." मग म्हणाल्या, "अंडी नर उबवतो, माहितेय? आई घालते आणि निघून जाते."

काळा रंग त्या ट्यूबमधून कधी घेत नसत. ट्यूबमधला काळा मेलेला असतो, असं त्यांचं मत होतं. निळा आणि तपकिरी एकत्र करून, त्यात कधी किंचित लाल घालून त्या तासन्‌तास काळा घोटत बसायच्या. प्रत्येक चित्रातला काळा वेगळा होता. ते दिसायला मला वर्ष लागलं.

दुसरी काही चित्रं सात बहिणींची होती. आपल्या कृत्तिका, त्याच तिकडे सात बहिणी. त्यांच्या मागे एक पुरुष लागलाय आणि त्या आभाळभर पळतायत, अशी तिकडची कथा. ह्या कृत्तिका मात्र इथून दिसायच्या. एडिनबरामध्ये हिवाळ्यात चार वाजताच अंधारायला लागतं. आभाळ मोकळं असलं की बाई मला कामावरून आल्या आल्या कोटसुद्धा काढू न देता टेकडीवर घेऊन जायच्या. समुद्रावरून धुकं चढून आलं नसेल तर पूर्वेला तो लहानसा पुंजका दिसायचा.

"तिथेही ह्याच. फक्त उलट्या," बाई म्हणायच्या. "आपला मृग तिथे डोक्यावर उभा असतो."

ऑस्ट्रेलियाला त्या कधी गेल्या होत्या, कशाला गेल्या होत्या, हे त्यांनी सांगितलं नाही. मी फिरायला गेल्या असतील असं धरून चालले होते.

ते कळलं मराठी मंडळाच्या संक्रांतीला. चर्चचा एक हॉल घेतला होता. बाई काळी साडी नेसून, तिळगुळाचं ताट घेऊन फिरत होत्या, चक्क गप्पा मारत होत्या. कुणीतरी त्यांना हल्ली कसली चित्रं काढता म्हणून विचारलं, त्यांनी इमू म्हणून सांगितलं, तर एक गृहस्थ म्हणाले, "आमच्या मावसभावाने केलं होतं इमूपालन, सांगोल्याकडे. बुडाला बिचारा." बाई हसल्या. मग लंडनच्या स्टॅनमोरहून लेकीकडे आलेल्या एक बाई पुढे झाल्या. त्यांची जुनी ओळख असावी. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि बाईंचा हात धरून म्हणाल्या, "अगदी तुमच्या..." आणि एका मुलीचं नाव घेतलं, "...तिच्यासारखी हसते हो ही."

बाईंनी ताट टेबलावर ठेवलं. "ते नाव घेऊ नका," एवढंच म्हणाल्या आणि कोट घेऊन बाहेर पडल्या. बसने एकट्याच घरी गेल्या. मागे कुजबूज झाली. काय बाई तरी, पोटच्या मुलीचं नाव नको म्हणे, असं कुणीतरी म्हटल्याचं मी ऐकलं.

डॉक्टरांनी मला गाडीतून घरी आणलं. वाटेत त्यांनी पोर्टोबेल्लोच्या समुद्राजवळ गाडी थांबवली आणि सांगितलं.

त्यांना एक मुलगी होती. तीही डॉक्टर. ऑस्ट्रेलियाच्या आतल्या भागात, एका लहानशा गावातल्या हॉस्पिटलमध्ये वर्षभरासाठी म्हणून गेली आणि तिथेच रमली. एका संध्याकाळी दूरच्या वस्तीवरून पेशंट बघून परतताना कच्च्या रस्त्यावर तिची गाडी उलटली. हे दोघं तिथे पोचले तेव्हा सगळं संपलं होतं.

"त्या हॉस्पिटलमध्ये एक वयस्क बाई होती," डॉक्टर म्हणाले. "तिथल्याच मूळच्या लोकांपैकी. पेशंटचं बोलणं डॉक्टरांना समजावून सांगायचं तिचं काम. आमच्या मुलीवर फार जीव. आम्ही तिथे होतो तेव्हा ती हिला, तुझ्या बाईंना, रोज जेवणं झाली की हॉस्पिटलमागच्या माळावर घेऊन जायची. दोघी जमिनीवर बसायच्या. ती वर दाखवायची, ही बघायची. मी लांब उभा राहायचो. मला वाटलं, चला, कशात तरी मन लागतंय."

त्या लोकांमध्ये वारलेल्या माणसाचं नाव घेत नाहीत. नाव घेतलं तर त्याला पुढची वाट सापडत नाही, तो मागे वळतो, असं त्या बाईने सांगितलं होतं. हॉस्पिटलमध्येही सगळे त्यांच्या मुलीला "आपली डॉक्टर" एवढंच म्हणत होते. बाईंनी ते ऐकलं आणि उचललं. विमानात बसल्यापासून त्यांनी मुलीचं नाव घेतलं नाही आणि घरात घेऊ दिलं नाही.

"हिला ऐकवत नाही आणि मला घेतल्याशिवाय राहवत नाही," डॉक्टर समोर समुद्राकडे बघत म्हणाले. "मग मी गाडीत घेतो. दूध आणायला जातो ना, तेव्हा. काचा बंद करून दोनचार हाका मारतो. बरं वाटतं."

मग त्यांनी माझ्यासमोर ते नाव घेतलं, हळूच, आणि गाडी सुरू केली.

घरी आलो तर बाई काचेच्या खोलीत काळा घोटत बसल्या होत्या. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "सांगितलं ना तुला? बरं झालं. आता विचारू नकोस."

मी नाही विचारलं. पण त्यानंतर त्या चित्रांसमोर उभं राहिलं की मला तो माळ दिसायचा आणि त्यावर बसलेल्या दोघी.

बाईंची चित्रं लोकांनी बघावीत ही हौस डॉक्टरांची. त्यांनीच जवळच्या लायब्ररीतल्या लहान दालनात आठवडाभराचं प्रदर्शन ठरवलं. बाई आधी नको म्हणाल्या, मग तयार झाल्या, आणि टोपी काढून, केस विंचरून रोज तिथे जाऊन बसायला लागल्या. येणाऱ्या प्रत्येकाला "मधे बघा" म्हणायच्या. एका शाळकरी मुलीला इमू लगेच दिसला, त्याचा त्यांना विलक्षण आनंद झाला.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी एक तरुण ऑस्ट्रेलियन बाई आली. इथल्या युनिव्हर्सिटीत शिकत होती. ती गोरी होती, त्या लोकांपैकी नव्हती, पण तिथे वाढलेली. मी शेजारी होते. सगळी चित्रं बघून ती बाईंजवळ आली आणि अगदी अदबीने म्हणाली, "चित्रं सुंदर आहेत. पण ही गोष्ट ज्यांची आहे, त्यांना विचारलंत का तुम्ही?"

"मला सांगितली होती त्यांच्यातल्या एकीने."

"सांगितली, की दिली?"

आपण आता काहीतरी तिखट ऐकणार, असं मला वाटलं. पण बाई त्या मुलीला म्हणाल्या, "ते मला माहीत नाही. विचारायला हवं."

दुसऱ्या दिवशी सकाळी न्याहारीच्या वेळी, तिकडे संध्याकाळ असताना, त्यांनी त्या हॉस्पिटलला फोन लावला. स्पीकर चालू होता कारण त्यांना हल्ली एका कानाने कमी ऐकू यायचं. डॉक्टर आणि मी टेबलाशी होतो. दोनतीन ठिकाणी फोन फिरला आणि मग एका बाईचा आवाज आला. ती त्या वयस्क बाईची भाची होती, आता तेच काम करत होती.

"मावशी गेली," ती म्हणाली. "म्हणून मी तिचं नाव घेणार नाही."

"मी विचारणारही नाही," बाई म्हणाल्या.

"तुम्ही कोण ते मला माहीत आहे. आपल्या डॉक्टरची आई. मावशी सांगायची."

बाईंनी चित्रांबद्दल सांगितलं. काही लपवलं नाही, लायब्ररीचंही सांगितलं.

"तुम्हाला तेव्हा वर बघायला काहीतरी हवं होतं," भाची म्हणाली. "म्हणून मावशीने दाखवलं. ते तुमच्यापुरतं. लोकांसमोर लावायचं तर इथल्या मोठ्यांना विचारावं लागतं, आणि ते हो म्हणतीलच असं नाही. तुमची मुलगी आहे का त्या चित्रांत?"

"सगळ्यांत."

"मग तिला घरी घेऊन जा."

बाई "बरं" म्हणाल्या. फोन ठेवायच्या बेतात होत्या, तेवढ्यात भाचीने विचारलं, "तिचं नाव घेता का आता?"

"नाही. तेव्हापासून घेतलं नाही."

"अजून?" तिच्या आवाजात नवल होतं. "ते कायमचं नसतं. काही काळ जातो, मग घरची माणसं ठरवतात आणि नाव परत घेतात. इथे आम्ही कधीचेच घ्यायला लागलो. हॉस्पिटलमध्ये जन्मलेल्या एका मुलीचं नावच ठेवलंय तिच्यावरून."

बाईंनी फोन ठेवला. डॉक्टर बाईंच्या तोंडाकडे बघत होते. अशी वाट बघणारा चेहरा मी त्याआधी पाहिला नव्हता. बाई उठल्या, थंड चहा बेसिनमध्ये ओतला आणि म्हणाल्या, "चला, चित्रं उतरवून आणू."

त्या दिवशी आम्ही तिघांनी सगळे कॅनव्हास घरी आणले. ते बाईंनी भिंतीकडे तोंड करून लावून ठेवले. चित्रं काढणं त्यांनी थांबवलं नाही, पण त्यानंतरचं एकही चित्र कुणाला दाखवलं नाही. नावाबद्दल मी एकदाच धीर करून विषय काढला, तेव्हा म्हणाल्या, "जीभच वळत नाही गं. इतकी वर्षं दाबून धरलेलं आहे. आता वर आणलं तर त्याच्याबरोबर काय काय येईल, सांगता येत नाही."

डॉक्टर दूध आणायला जात राहिले.

मग त्यांचं विसरणं सुरू झालं. आधी चष्मा, किल्ल्या, मग शब्द, मग रस्ते. एकदा दूध आणायला गेलेले डॉक्टर बऱ्याच उशिरा शहराच्या दुसऱ्या टोकाला सापडले, गाडीत बसलेले, काचा बंद. त्यानंतर त्यांचं गाडी चालवणं बंद झालं. बाईंनी गाडी विकून टाकली. ती न्यायला माणूस आला तेव्हा डॉक्टर खिडकीशी उभे होते. ते काय गमावतायत, हे मला कळत होतं. बाईंना ठाऊक होतं का, मला माहीत नाही. मी सांगितलं नव्हतं.

मी तोवर शहरातच, लीथ भागात स्वतःचा फ्लॅट घेतला होता, पण शनिवारी त्यांच्याकडे जायचे. अशाच एका शनिवारी सकाळी बाई तव्यावर थालीपीठ लावत होत्या. डॉक्टर टेबलाशी बसून समोरच्या रिकाम्या ताटलीकडे बघत होते. ते अगदी साध्या आवाजात म्हणाले, "अगं, आपली मुलगी. तिचं नाव काय?"

ओल्या फडक्यावर दुसरं थापणारा बाईंचा हात थांबला. त्यांनी गॅस बंद केला. माझ्याकडे पाहिलं नाही. डॉक्टरांकडे वळल्या आणि त्यांनी नाव घेतलं.

त्यांच्या आवाजात ते मी पहिल्यांदाच ऐकत होते. डॉक्टर समुद्रापाशी हळूच बोलले होते. बाईंनी ते खेळायला गेलेल्या पोराला जेवायला बोलवावं तसं शेवटचं अक्षर ओढून म्हटलं. लहानपणी तशीच हाक मारत असणार.

"हां," डॉक्टर म्हणाले, आणि त्यांनीही ते म्हटलं. चेहरा उजळला. "कुठे आहे ती?"

"गेली, डॉक्टर. तिकडेच गेली. आपण गेलो होतो ना आणायला."

आणि डॉक्टर रडले. आत्ता, या क्षणी पहिल्यांदा बातमी आली असावी, तसे रडले. बाई त्यांचं डोकं पोटाशी धरून उभ्या राहिल्या. तव्यावरचं थालीपीठ कच्चंच राहिलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पुन्हा विचारलं. त्याच्या दुसऱ्या दिवशी पुन्हा. बाईंनी दर वेळी नाव सांगितलं. पण कुठे आहे म्हणून विचारल्यावर त्या म्हणायला लागल्या, "ड्यूटीवर आहे. येईल." आयुष्यात कुणाला साधी थाप न मारलेली बाई. पेशंटला सुई टोचताना "दुखणार नाही" असं इतर डॉक्टर म्हणतात, तेही त्या कधी म्हणाल्या नव्हत्या.

काही दिवसांनी तर डॉक्टर विचारायच्या आधीच त्या नाव घ्यायला लागल्या. तिचं आवडतं पिठलं केलंय, तिची शाल पांघरा, तिने तुम्हाला कसं फसवलं होतं आठवतं का. घरात सतत ते नाव. मला एकदा म्हणाल्या, "मला वाटायचं, नाव घेतलं की ती मागे वळेल. म्हणून घेत नव्हते. तिला पुढे जाऊ दे, असं म्हणत होते. आता वाटतं, वळली तर वळू दे."

आणि मग, "ह्यांना हवं होतं तेव्हा दिलं नाही मी."



दोन वर्षांनी, फेब्रुवारीत, बाई गेल्या. सकाळी काचेच्या खोलीत, खुर्चीत, हिरवी टोपी डोक्यावर. हृदय थांबलं, एवढंच. स्मशानभूमीतल्या हॉलमध्ये डॉक्टर माझ्या शेजारी बसले होते. पेटी आत सरकताना त्यांनी मला विचारलं, "कुणाचं आहे हे?"

चित्रांबद्दल बाईंनी आधीच बजावून ठेवलं होतं. जाळू नकोस, दाखवू नकोस. ती सगळी आता माझ्याकडे आहेत, लीथच्या फ्लॅटमधली एक खोली त्यांनीच भरली आहे. पाहुणे आले की मी ती खोली बंद ठेवते.

डॉक्टर कॉर्स्टॉर्फिनच्या बाजूला एका केअर होममध्ये असतात. त्यांचं जवळजवळ सगळं पुसलं गेलंय. सर्जन होतो हे आठवत नाही, पुण्याचं घर आठवत नाही. बाईंची तर काहीच खूण उरलेली नाही. मी त्यांचा फोटो नेऊन दाखवला तर म्हणाले, "या कोण? चांगल्या वाटतात." पण शेवटची दोन वर्षं बाई दिवसभर जे नाव घेत राहिल्या, ते मात्र पक्कं बसलंय. तिथल्या सगळ्यांना डॉक्टर त्याच नावाने हाक मारतात. सकाळच्या नर्सला, जेवण वाढणाऱ्या पोलिश बाईला, पाय तपासायला येणाऱ्या डॉक्टरला. त्या सगळ्याजणी आपापल्या उच्चारात ओ देतात. एका स्कॉटिश नर्सने मला विचारलं, हे नाव कुणाचं. मी म्हटलं, त्यांच्या मुलीचं. ती म्हणाली, "मग बरोबर म्हणायला शिकव मला."

मी शिकवलं. तिला शेवटचं अक्षर ओढायला जमत नव्हतं, पण तिने सोडलं नाही.

परवा गेले तेव्हा डॉक्टर खिडकीशी बसले होते. मी जवळ जाऊन बसले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, ते नाव घेतलं आणि विचारलं, "ड्यूटीवरून आलीस? जेवलीस का?"

"हो बाबा," मी म्हटलं. "जेवले."